मांजराचा अर्धवट मिटलेला डोळा

डोंबिवली-कल्याणच्या एखाद्या घरातील मांजराचा डोळा अर्धवट मिटलेला दिसतो, त्यातून पाणी गळते आणि नाकाच्या बाजूने पांढुरका पडदा बुबुळावर सरकतो, तेव्हा तो मोतीबिंदू नसून मांजराची तिसरी पापणी असते, जी डोळा दुखू लागला किंवा अंगात आजार असला की वर येते. अशा दुखण्यामागे बरेचदा हर्पिस कुळातील, पण माणसाला न लागणारा विषाणू असतो. तो शरीरात दबून राहतो आणि घर बदलण्यासारख्या ताणात पुन्हा उसळतो.

खरा धोका मात्र घरच्या औषधांच्या डब्यात असतो, कारण माणसासाठी आणलेल्या स्टेरॉइडयुक्त थेंबांनी लाली उतरली, तरी पारपटलावर, म्हणजे डोळ्याच्या पारदर्शक दर्शनी थरावर, जखम असल्यास ती चिघळून डोळाच जाऊ शकतो. म्हणून पशुवैद्य आधी फ्लुओरेसिन हा नारिंगी रंग डोळ्यात घालून निळ्या उजेडात पाहतात, तेव्हा जखमेची जागा हिरवी चमकते. तोवर उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने चिपडे हलकेच टिपावीत आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. ठाण्याच्या पलीकडे जाणे भाग पडलेच, तर १८८६ साली स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय मध्य रेल्वेच्याच मार्गावर, परळला आहे.