पाऊस थोडा, ऊस फार : कॅरिबियनमधले ग्वानिका

ऊस आणि कारखाना यांच्याभोवती ज्यांचा संसार फिरतो, त्यांनी ग्वानिकाची हकिकत जरूर वाचावी. वेस्ट इंडीजमध्ये पोर्तो रिको नावाचे सुमारे शंभर मैल लांबीचे बेट आहे. त्याच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर ही लहानशी नगरपालिका वसली आहे. तिकडे गाव आणि भोवतालच्या वाड्या मिळून एकच नगरपालिका असते. आपला छोटा तालुकाच म्हणा ना.

बेटाच्या मधून पूर्व-पश्चिम डोंगररांग जाते. ईशान्येकडून येणारे वारे आपला पाऊस डोंगरावरच सांडतात आणि दक्षिणेला कोरडे होऊन उतरतात. सह्याद्रीच्या पूर्वेस राहणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. ईशान्येच्या डोंगरात दीडशे इंचांहून अधिक पाऊस, तर ग्वानिकात तीस-पस्तीस इंच. समोर समुद्र आणि पाठीमागे निवडुंगाचे रान! ऊन कडक, त्यामुळे पडलेले पाणीही लवकर उडून जाते.

गावाची खाडी मात्र खोल आणि चहूबाजूंनी सुरक्षित. २५ जुलै १८९८ रोजी अमेरिकी फौजा येथेच उतरल्या आणि स्पेनची चारशे वर्षांची सत्ता संपली. फौजेपाठोपाठ साखर आली. काही वर्षांतच एका अमेरिकी कंपनीने एन्सेनाडा येथे प्रचंड कारखाना उभारला. बेटावर त्याच्या तोडीचा दुसरा नव्हता. आसपासचा ऊस त्याला पुरेना, म्हणून शेजारच्या डोमिनिकन प्रजासत्ताकातून ऊस चक्क जहाजाने आणून येथे गाळत. १९१८ च्या सुमारास तिकडे कारखाना झाला, तेव्हा ही वाहतूक थांबली. घरे, दुकान, दवाखाना सारे कंपनीचेच. १९१४ मध्ये ग्वानिका याउको या गावापासून वेगळे होऊन स्वतंत्र नगरपालिका झाली.

जाता जाता हुमणीविषयी. १९२० च्या सुमारास पोर्तो रिकोत उसाच्या हुमणीवर उपाय म्हणून बाहेरून मोठे बेडूक आणून सोडले. तेथे गुण आला असे सांगत, म्हणून तेच बेडूक हवाईमार्गे १९३५ साली ऑस्ट्रेलियात नेले. तेथे हुमणी राहिली बाजूला, बेडूकच उपद्रवी होऊन बसले.

१९५० नंतर सरकारने मोठी योजना आखली. डोंगरात धरणे बांधून, बोगद्यांतून पाणी आणून शेजारचे लाहास खोरे ओलिताखाली आणले. याच योजनेत ग्वानिकाचे हजार एकरांवरचे गोड्या पाण्याचे सरोवर चर खणून १९५५ मध्ये कोरडे केले. हेतू चांगला होता, पिकाखाली जमीन हवी होती. पण खोऱ्यातली माती चिकण, निचरा मंद, बरीचशी जमीन खारवट. पाणी पुरवण्याइतकेच ते काढून देणे कठीण असते, हे तेथील शेतकऱ्यांना भोगावे लागले.

पुढे साखरेचा धंदा बसला. १९८० नंतर एक-दोन वर्षांतच कारखाना बंद पडला. त्याला पर्याय उभा राहिला नाही आणि तरुण मंडळी बाहेर पडू लागली. त्यात २०१७ चे मारिया वादळ आणि ७ जानेवारी २०२० च्या पहाटेचा ६.४ तीव्रतेचा भूकंप. या भूकंपात एक तीन मजली शाळा खचली. वेळ पहाटेची, म्हणून मुले वाचली. २०१० मध्ये सुमारे १९ हजार असलेली वस्ती २०२० च्या शिरगणतीत १४ हजारांच्या आत आली.

ज्या रानात शेती होणे शक्य नव्हते, ते मात्र टिकले. १९१९ पासून राखीव असलेले हे सुमारे दहा हजार एकरांचे कोरडे जंगल १९८१ मध्ये युनेस्कोने संरक्षित जीवावरण म्हणून मान्य केले. तेथील ग्वायाकान झाडाचे लाकूड इतके जड असते की पाण्यात बुडते.

कोरड्या केलेल्या सरोवराची उणीव आता जाणवते. डोंगरात सावलीतली कॉफी काढून उघड्या उन्हातली लावल्याने माती सुटली. पूर्वी ती सरोवरात बसे. आता गढूळ पाणी थेट खाडीत जाते आणि प्रवाळ मरतात. म्हणून कॉफीच्या मळ्यांत पुन्हा सावलीची झाडे लावण्याचे काम सुरू झाले, आणि सरोवर परत भरावे, असाही विचार पुढे आला आहे. त्याच तळाच्या जमिनीवर आज काही जणांची शेती आहे. त्यांचे काय करायचे, हा प्रश्न त्यातून येतोच.