चुंबक जिथं सुटतो

मिस्त्रींनी खिशातून चुंबक काढला, सुती फडक्यात गुंडाळला आणि आमच्या पद्मिनीच्या दाराखालच्या पत्र्यावरून हळूहळू फिरवायला सुरुवात केली. पुढच्या दाराखाली तो घट्ट धरत होता. मागच्या चाकाच्या अलीकडे वीतभर जागेत मात्र सुटला आणि घसरत खाली आला. "इथं पत्रा नाही, लांबी आहे," ते म्हणाले. अंगठ्यानं दाबल्यावर रंगाला केसाएवढा तडा गेला. कधीतरी कुणीतरी तिथला गंज खरवडण्याऐवजी लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वरून रंग मारला होता.

१९७८ ची ही पद्मिनी बाबांनी घेतली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली, १,०८९ सीसीची, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर असलेली. बाबा गेल्यापासून ती बहुतेक उभीच होती. मुलगा म्हणतो, रॅलीसाठी तयार करू. बहीण म्हणते, कोरी करकरीत करून प्रदर्शनात नेऊ. मी दोघांचं ऐकून मिस्त्रींकडे गेलो होतो आणि त्यांनी आधी चुंबक फिरवला. जुन्या गाडीचं काय करायचं, या विचाराची सुरुवात तिथूनच व्हायला हवी, असं मला आता मनापासून वाटतं. इंजिन उतरवून नवं करता येतं. कुजलेला पत्रा सगळे बेत बदलतो.

मुळात रॅली म्हणजे काय, हेही आधी ठरवावं लागतं. हॉर्निमन सर्कलवरून जुन्या मोटारी शिस्तीत निघतात, तीही रॅलीच. तिथं वेगाचा प्रश्न नसतो. गाडी स्वतःच्या चाकांवर आली आणि गेली की झालं. दुसरा प्रकार टीएसडीचा, म्हणजे वेळ, वेग आणि अंतर यांच्या हिशेबाचा. हातात रोडबुक, शेजारी नॅव्हिगेटर आणि ठरवून दिलेला सरासरी वेग. लवकर पोचलात तरी दंडाचे गुण पडतात. त्यासाठी गाडी कापावी लागत नाही. चांगले टायर, खात्रीचे ब्रेक, अचूक मीटर आणि भांडण न करणारा नॅव्हिगेटर पुरतो. तिसरा प्रकार खरा जिवावरचा: बंद केलेल्या रस्त्यावर, धुळीत, घड्याळाशी शर्यत. राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या रॅली या प्रकारातल्या. मुलाच्या डोळ्यांसमोर अर्थातच हाच प्रकार होता.

या तिसऱ्या प्रकारात गाडीच्या पोटात पोलादी पिंजरा बसवावा लागतो, ज्याला रोल केज म्हणतात. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार त्याची मुख्य कमान बिनजोड पोलादी नळीची, ४५ मिलिमीटर व्यासाची आणि अडीच मिलिमीटर जाडीची, किंवा ५० मिलिमीटर व्यासाची आणि दोन मिलिमीटर जाडीची लागते. तिचे पाय गाडीच्या तळाला जिथं टेकतात, तिथं किमान १२० चौरस सेंटिमीटरची, तीन मिलिमीटर जाड पट्टी जोडावी लागते. गाडी उलटली की सगळा भार या पायांवर येतो. तळाचा पत्राच कुजका असेल तर पाय त्यातून आरपार जातो आणि ज्यानं वाचवायचं तोच पिंजरा आत घुसतो. म्हणून आमच्या वीतभर पुट्टीचं मला एवढं भय वाटलं.

पिंजरा बसला की मागची सीट जाते, छताचं कापड जातं, आणि हेल्मेट न घालता बसलं तर साध्या धक्क्यालाही डोकं नळीवर आपटतं. अशा गाडीतून आईला डॉक्टरकडे नेता येत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. नोंदणीपुस्तकातल्या कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करायला ते मनाई करतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मग स्पर्धेपर्यंत गाडी ट्रकवर घालून न्यायची, आणि त्याचा खर्च तिच्या किमतीच्या पुढं जायला वेळ लागत नाही. विम्याचंही तसंच. खासगी मोटारीच्या नेहमीच्या पॉलिसीत शर्यत, वेगचाचणी, अशा वापराला संरक्षण नसतं. ती ओळ बारीक अक्षरात असते. सही करण्याआधी शोधून वाचा.

मला मात्र सर्वांत जास्त थांबवलं ते जुलै २०२१ मधल्या नियमानं. केंद्र सरकारनं तेव्हा व्हिंटेज वाहनाची व्याख्या केली: पहिल्या नोंदणीला ५० वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपात राखलेली, चॅसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल न केलेली दुचाकी वा चारचाकी. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए'. बदल्यात रोजच्या वापरासाठी ती रस्त्यावर आणायची नाही; प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. आमची गाडी २०२८ मध्ये पन्नाशीची होईल. आज हौसेनं दुसरं इंजिन टाकलं किंवा तळ कापला, तर ते दार आम्हीच बंद केलेलं असेल.

मग बहिणीचं ऐकायचं का? तिथंही माझं मत थोडं वेगळं आहे. प्रदर्शन म्हटलं की आपल्याकडे लोक पहिल्यांदा रंगाच्या दुकानात जातात. आरशासारखी चमक, नवं रेक्झिन, नवं क्रोमियम. पण जाणते परीक्षक बॉनेट उघडून खालचे नटबोल्ट पाहतात, काचेवरचं कंपनीचं चिन्ह पाहतात, सीटची मूळ शिवण शोधतात. अमेरिकेतलं पेबल बीच हे या क्षेत्रातलं फार मानाचं प्रदर्शन. तिथं २०२४ मध्ये सर्वोच्च मान मिळाला तो जुन्याच रंगातल्या, जपून ठेवलेल्या १९३४ च्या बुगाटीला. न रंगवता राखलेल्या गाडीला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. आमच्या पद्मिनीच्या दाराच्या आतल्या कडेला कारखान्यातला मूळ रंग अजून शाबूत आहे. तो घासून काढायला माझा हात धजत नाही. पुट्टी निघेल, तिथं त्याच जाडीचा पत्रा बसेल, तेवढ्याच भागाला रंग लागेल.

ज्यांच्याकडे नव्वदीतली एस्टीम किंवा जिप्सी आहे, त्यांचा हिशेब निराळा. त्या गाड्यांवर आपले कितीतरी रॅलीपटू घडले, भाग मिळतात, ओळखीचे मिस्त्री आहेत. आतलं सगळं आधीच गेलेलं पण सांगाडा निरोगी, अशी एखादी मिळाली तर पिंजरा जरूर बसवा. तिथं काही मोलाचं नष्ट होत नाही. उलट, बाहेरून देखणी पण आतून कुजलेली गाडी रॅलीला मुळीच घेऊ नये.

आणि काहीही ठरवण्याआधी गाडी आहे तशी चालवून पाहावी, निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा. मी पाचगणीहून पसरणी घाट उतरलो तेव्हा तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर ब्रेकचं पेडल खोल जायला लागलं. चारही चाकांना ड्रम ब्रेक. ड्रम तापून फुगला की शूला जास्त अंतर जावं लागतं, आणि ब्रेकच्या जुन्या ऑइलनं हवेतला ओलावा शोषलेला असेल तर ते लवकर उकळून नळीत वाफ धरतं. मी गाडी कडेला घेतली, अर्धा तास ड्रम निवू दिले, मग दुसऱ्या गिअरमध्ये वाईला आलो. त्या उतारानं मला जे शिकवलं ते गॅरेजमध्ये उभ्या गाडीनं कधीच शिकवलं नसतं.

परवा मिस्त्रींना यादी दिली. व्हील सिलिंडरचे रबर, ब्रेकच्या नळ्या, नवं ऑइल, पेट्रोलची टाकी उतरवून साफ करणं, आणि मागच्या दाराखालचा तो वीतभर पत्रा. मुलगा सध्या दर रविवारी माझ्या शेजारी बसून मीटर आणि घड्याळ यांचा ताळा करायला शिकतोय. टीएसडीसाठी त्याला नॅव्हिगेटर व्हायचंय. बहिणीनं बाबांच्या कपाटातून मूळ खरेदीची पावती शोधून काढली आहे. तिच्यावरचा इंजिन क्रमांक आम्ही टॉर्च लावून ताडून पाहिला. जुळला.