शाहू महाराज जन्माने घाटगे, मग वंशावळीत भोसले कसे?

कुणबी नोंदींच्या निमित्ताने गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात घरोघरी वंशावळी काढल्या गेल्या. पणजोबा, खापरपणजोबा अशी नावं जुळवत जाताना कित्येकांना मध्येच एक शब्द आडवा येतो, 'दत्तक'. मग पुढचा शोध कुठे घ्यायचा? तो मुलगा ज्या घरात आला तिथे, की जिथे जन्मला तिथे?

हा गुंता समजून घ्यायला कोल्हापूरच्या राजघराण्याइतकं चांगलं उदाहरण नाही.

राजर्षी शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा. मूळ नाव यशवंतराव. वडील कागलचे जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे, आई राधाबाई मुधोळच्या घोरपडे घराण्यातल्या. डिसेंबर १८८३ मध्ये कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज वारले. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी १७ मार्च १८८४ रोजी यशवंतरावांना दत्तक घेतलं आणि ते शाहू भोसले झाले. त्यांचे सख्खे धाकटे भाऊ बापूसाहेब मात्र घाटगेच राहिले. एका आईबापाचे दोन मुलगे दोन वेगळ्या वंशावळींत गेले.

खरी गंमत पुढे आहे. शाहू महाराजांचे पुत्र राजाराम महाराज १९४० मध्ये वारले, त्यांच्यामागे मुलगा नव्हता. दत्तक आलेले पाचवे शिवाजी महाराज १९४६ मध्ये लहानपणीच गेले. मग १९४७ मध्ये देवासचे विक्रमसिंहराव पवार दत्तक आले आणि शहाजी छत्रपती झाले. त्यांनी १९६२ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडचा मुलगा दत्तक घेतला, तेच आजचे शाहू छत्रपती.

नुसती वंशावळ पाहिली तर वाटेल, रक्ताचा धागा तर कधीच तुटला. पण विक्रमसिंहरावांच्या आई अक्कासाहेब या राजर्षी शाहूंच्या कन्या. आणि आजचे शाहू छत्रपती हे शहाजी महाराजांच्या मुलीचे पुत्र. म्हणजे धागा तुटला नाही, तो लेकींच्या बाजूने चालत आला. आपल्याकडच्या वंशावळीत लेकींची नावंच लिहीत नाहीत, त्यामुळे तो दिसत नाही एवढंच.

साध्या घरांतही हेच व्हायचं. १९५६ च्या आधी हिंदू कायद्यानुसार सर्वसाधारणपणे मुलगाच दत्तक घेतला जाई आणि तोही शक्यतो भाऊबंदांतला. त्यामुळे दत्तकाच्या दोन्ही वाटा तीन-चार पिढ्या वर गेल्या की अनेकदा एकाच पूर्वजापाशी येऊन मिळतात. मुंबई इलाख्यात तर नवऱ्याने तशी परवानगी दिलेली नसली तरी विधवेला दत्तक घेता येत असे. म्हणून जुन्या कागदांत कधी कधी बापाच्या मृत्यूनंतर पाच-दहा वर्षांनी मुलाचा जन्म दिसतो. अशी नोंद चुकीची म्हणून फेकून देऊ नये. बहुतेकदा तिथेच दत्तकाचा माग लागतो.

१९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा सांगतो की दत्तक घेतल्या दिवसापासून मूल सर्व अर्थांनी नव्या आईवडिलांचं, जन्मघराशी असलेली नाती संपली. पण त्याच कलमात एक अपवाद आहे. जन्मघरातल्या ज्या नात्यांत लग्न चाललं नसतं, तिथे दत्तक गेल्यावरही चालत नाही. म्हणजे वारसा बदलला तरी कायदा रक्त पूर्ण विसरत नाही. आणि ही बंदी पाळायची तर जन्मघर कोणतं हे कुणाला तरी ठाऊक असावं लागतं!

डॉक्टरांनाही तेच लागतं. थॅलेसेमियासारखा आजार गोत्र बदललं म्हणून बदलत नाही. आता घरबसल्या डीएनए चाचण्या होतात, त्यातून नवीच भानगड निघते. पुरुषांमधलं वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं. एकाच आडनावाच्या, एकाच भावकीतल्या दोघांचं ते जुळलं नाही की लोक लगेच पणजीच्या चारित्र्यावर येतात. चार पिढ्यांमागे बाहेरच्या घरातून कुणी दत्तक आलेलं असू शकतं, हे तपासायचं कुणाला सुचत नाही.

तपासायचं कसं? तलाठी कार्यालयातल्या जुन्या फेरफार नोंदींपासून सुरुवात करावी. जमिनीचा प्रश्न असल्याने वारस कसा लागला हे तिथे लिहिलेलं सापडतं. नोंदणी केलेलं दत्तकपत्र मिळालं तर उत्तमच, त्यात देणारे आणि घेणारे दोघांचीही नावं असतात. गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदीत आणि शाळेच्या रजिस्टरात मूळ नाव शोधावं, कारण दत्तकविधीत नाव अनेकदा बदलायचं. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्याही पाहाव्यात, पण दोन्ही आडनावांनी.

मिळालेलं लिहिताना दत्तक नातं सरळ रेघेने आणि जन्माचं नातं तुटक रेघेने दाखवता येतं. एक खोडून दुसरं लिहिण्याची गरज नाही.

संस्थेतून दत्तक गेलेल्या मुलांची गोष्ट वेगळी. तिथे भावकी नसते, फाइल असते. 'कारा' या केंद्रीय यंत्रणेच्या नियमांनुसार अशी व्यक्ती सज्ञान झाल्यावर स्वतः 'मूळ शोधा'साठी अर्ज करू शकते. जन्मदात्यांनी ओळख गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर त्यांची संमती लागते. आणि हा शोध तिच्या वतीने तिसऱ्या कुणाला घेता येत नाही, मग तो वंशावळ लिहायला बसलेला चुलतभाऊ का असेना.