मुलांचा अंगरखा आणि मुलांचा कोट

जुन्या घराण्यांच्या दप्तरांबरोबर छायाचित्रेंहि संग्राहकांच्या हातीं येतात. नाशकासारख्या जुन्या गांवीं वाड्यांचे माळे रिकामे होतांना कागदांचे रुमाल, पोथ्या आणि कांचेच्या चौकटींतील चित्रें पुष्कळदां एकाच गांठोड्यांतून निघतात. कागदावर मिती असते. चित्रावर ती क्वचितच असते. अशा वेळीं चित्रांतील मुलाच्या अंगांत काय आहे हें पाहून काळाचा अजमास करण्याचा प्रघात आहे. तो कोठवर भरंवशाचा आहे, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम शब्दांचा निर्णय केला पाहिजे. अंगरखा हा शब्द संस्कृत अंगरक्षक यापासून आला. दोन्ही बाजू छातीवर एकमेकींवर घेऊन बंदांनीं बांधावयाचें बाह्यांचें वस्त्र तें अंगरखा. बाराबंदी ही त्याचीच आंखूड जात; तिला बारा बंद, म्हणजे बंदांच्या सहा जोड्या असतात. दोऱ्याची किंवा कापडाची गुंडी आपल्याकडे जुनीच आहे. काज हा शब्द मात्र पोर्तुगीज भाषेंतील ‘कासा’, म्हणजे घर, यापासून झाला आहे. तेव्हां एखाद्या जमाखर्चांत केवळ ‘काज’ असें आढळलें, तर तेवढ्यावरून इंग्रजी कोट शिवला गेला असें अनुमान काढतां येत नाहीं. जाकीट या शब्दाची गंमत याहून निराळी आहे. इंग्रजींत त्या नांवाचा कपडा बाह्यांचा. मराठींत शब्द आला, पण बाह्या गळाल्या, आणि सदऱ्यावर घालावयाच्या बिनबाह्यांच्या कपड्यास तें नांव रूढ झालें.

दुसरी सावधगिरी ‘वस्त्रें’ या शब्दाविषयीं घेतली पाहिजे. सवाई माधवराव पेशवे यांचा जन्म १८ एप्रिल १७७४ रोजीं पुरंदरावर झाला, आणि अवघ्या चाळीसाव्या दिवशीं, २८ मे १७७४ रोजीं, त्यांच्या नांवें पेशवाईचीं वस्त्रें झालीं. हीं वस्त्रें म्हणजे पदाचें चिन्ह. चाळीस दिवसांच्या मुलाच्या मापाचा अंगरखा नव्हे. त्याच्या अंगांत असावयाचें तें झबलें, आणि डोकीस टोपडें किंवा कुंची. दरबारी कागदांत मुलाच्या नांवापुढें पोशाख अथवा वस्त्रें लिहिलेलीं असलीं, म्हणजे मुलाच्या नित्य वापराच्या कपड्याचा पुरावा मिळाला असें समजूं नये. नित्याचा कपडा शोधावयाचा तो घरखर्चाच्या वहींत, शिंप्याच्या शिलाईच्या रकमेखालीं.

जुन्या काळीं मुलाचा म्हणून निराळा घाट नव्हता. बापाचें वस्त्र लहान करून बेतलें, कीं तेंच मुलाचें होई. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकारानें इ. स. १७९२ च्या सुमारास काढलेलें सवाई माधवराव व नाना फडणीस यांचें चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रहीं आहे. त्या वेळीं पेशवे अठरा वर्षांचे, आणि नाना पन्नाशीचे. दोघांच्या वयांत एवढें अंतर. तथापि अंगावरील पांढऱ्या तलम वस्त्रांची जात एकच. दागिन्यांनीं पद कळतें, कपड्याच्या बेतावरून पिढी कळत नाहीं.

याचें एक कारण बेतण्याच्या पद्धतींत आहे. अंगरख्याचे बहुतेक तुकडे सरळ कापावयाचे, घेर हवा तेथें तिकोनी कळ्या घालावयाच्या, आणि बंद सैल किंवा घट्ट करून अंगास बसवावयाचें. मूल वाढलें तरी बंद कांहीं काळ ती वाढ सोसतात. कोटाचें तसें नाहीं. त्याचा खांदा, मुंढा व गळा वळणानें कापावे लागतात. आंत अस्तर, पुढें काजांची रांग, आणि जेथें बटण तेथेंच तें बसलें पाहिजे. म्हणून मुलाचा कोट वाढत्या अंगाचा शिवीत. पहिल्या वर्षीं बाह्या बोटांवर येत, आणि शेवटच्या वर्षीं मनगटें उघडीं पडत. थोरल्याचा कोट मग धाकट्याच्या अंगांत जाई.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्रजी शाळा, कचेऱ्या व आगगाडी यांच्याबरोबर बंद गळ्याचा कोट शहरांतून पसरला. आयझॅक सिंगर यानें शिवणयंत्राचें पेटंट इ. स. १८५१ मध्यें घेतलें. पुढें तें यंत्र आपल्या शिंप्यांच्या हातीं आलें, आणि कोटाच्या लांब शिवणी झपाट्यानें होऊं लागल्या. आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट ही, कीं पुष्कळ घरांत हा बदल आधीं मुलाच्या अंगावर दिसतो. वडील पगडी, अंगरखा व उपरणें यांत बसलेले, आणि शेजारीं मुलगा टोपी व बटणांचा कोट घालून उभा, अशीं चित्रें संग्राहकांस परिचित आहेत. एकाच चौकटींत दोन काळ आहेत. म्हणून वडिलांच्या पगडीवरून चित्राचा काळ ठरवूं जाल, तर तो मागें ओढला जाईल. मुलाचा कोट आधीं पाहावा.

घरांत व धर्मकृत्यांत मात्र कोटास प्रवेश नव्हता. मुंजींत बटूची लंगोटी, सोंवळ्यांतील रेशमी वस्त्र, गोदेच्या स्नानानंतरचें धोतर, हें सर्व न शिवलेलें. ज्या जिल्ह्यांत येवल्याचे पीतांबर विणले जातात, तेथें शिवलेल्या व न शिवलेल्या वस्त्रांतील हा भेद विशेषच स्पष्ट आहे. मुलगा शाळेंतून आला, कीं कोट खुंटीवर जाई.

इतरत्र हाच प्रश्न निराळ्या रीतीनें सुटला आहे. हंगेरी देशांत तुर्की वळणाचा ‘डोलमान्’ व त्याच्या मागून ‘आतिला’ हे गोफांच्या फांसांनीं बंद होणारे डगले होते. पुढें तेच गोफ राष्ट्रीयत्वाची खूण ठरले, आणि दोन महायुद्धांच्या मधल्या काळांत ‘बोच्काई’ या नांवाचा तसा आंखूड डगला तेथील शाळकरी मुलांच्या अंगावर आला. बोच्काई हा ट्रान्सिल्व्हानियाचा अधिपति (इ. स. १५५७–१६०६). हंगेरियन लोकांनीं जुनी बांधणी मुलांस परत दिली. आपल्याकडे बंद बाराबंदीपुरते उरले, आणि मुलांस बटणें मिळालीं.

स्वदेशीच्या चळवळीनेंहि हा क्रम फिरविला नाहीं. इ. स. १९०५ च्या ऑक्टोबरांत पुण्यास विदेशी कपड्यांची होळी झाली. तींत पुढाकार घेणारे विनायक दामोदर सावरकर यांचें शालेय शिक्षण नाशकास झालेलें. पण वाद कापडाचा होता, बेताचा नव्हता. परदेशी कापड गेलें, कोट राहिला, इ. स. १९२० च्या सुमारास त्यावर खादीची टोपी आली. पुढें सदरा व आंखूड विजार यांनीं मुलांच्या कोटास मागें सारलें. डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांनीं इ. स. १९३७ मध्यें नाशकास भोंसला लष्करी शाळा काढली, तेव्हां मुलाचा पोशाख लष्करी गणवेशाच्या वळणावर गेला. तेथें बापाच्या वस्त्राशीं त्याचा कांहींच संबंध राहिला नाहीं.

आतां चित्र हातीं आल्यावर काय करावें तें सांगतों. पहिलें, कोट मुलाच्या मापाचा आहे काय तें पाहावें. सैल कोट कदाचित् नवा असेल, कदाचित् थोरल्या भावाचा. कोटाचा बेत ‘याच्यापूर्वीं नाहीं’ एवढेंच सांगतो. ‘याच्यानंतर नाहीं’ असें कधींच सांगत नाहीं. दुसरें, बटणें कोणत्या बाजूस आहेत यावरून घाईनें निष्कर्ष काढूं नये. धातूच्या पत्र्यावरील डॅगेरोटाइप चित्र आरशाप्रमाणें उलटें असतें. त्यांत उजवें तें डावें दिसतें. तिसरें, चित्र ज्या पुठ्ठ्यावर चिकटविलें आहे तो मोजावा. लहान ‘कार्त द व्हिजित’ इ. स. १८५४ पासूनचें, मोठें ‘कॅबिनेट’ कार्ड इ. स. १८६६ पासूनचें, तेव्हां असें कार्ड त्याच्यापूर्वींचें असणें शक्य नाहीं.

चौथें साधन नाशिकचें खास आहे. येथील व त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरू घराण्यांचीं नांवें पिढ्यान् पिढ्या लिहिलेलीं आहेत. घराण्याचें नांव ठाऊक असल्यास वडील कोणत्या साली आले व त्यांनीं कोणकोणते मुलगे नोंदविले, हें तेथें सांपडूं शकतें. या नोंदीला चित्रांतील मुलाचें दिसणारें वय जोडलें, कीं काळाची मर्यादा पांचदहा वर्षांपर्यंत खालीं येते. एवढें काम नुसता कोट कधींच करणार नाहीं.

प्रत्यक्ष कपडे आपणांस क्वचितच मिळतील. मुलाचा कपडा भावंडांत झिजतो, आणि शेवटीं गोधडींत किंवा पोतेऱ्यांत संपतो. म्हणून त्याचा इतिहास चित्रांत आणि शिलाईच्या क्षुल्लक रकमांतच उरतो. दप्तर चाळतांना सनदा व वतनपत्रें बाजूस काढून घरखर्चाच्या वह्या रद्दींत घालण्याची चाल अद्याप गेलेली नाहीं. ती गेली पाहिजे. तसेंच घरांतील वृद्ध मंडळी हयात आहेत तोंवर चित्रांतील मुलांचीं नांवें विचारून घ्यावीं व पाठीमागें शिसपेन्सिलीनें हलक्या हातानें लिहावीं. कोटावरून काळ कळेल. मुलगा कोण होता हें कळणार नाहीं.