पाच इंग्रजी अक्षरांत दडलेली मराठी

कृतिदेव फॉन्ट लावून ‘मराठी’ हा शब्द टाइप केला, तर फाइलमध्ये नेमकं काय साठतं? इ, जे, के, कॅपिटल बी आणि एच. एवढंच. पडद्यावर ठसठशीत ‘मराठी’ दिसते, कागदावर तशीच छापून येते, पण कॉम्प्युटरच्या लेखी तिथं मराठी नसतेच. पाच इंग्रजी अक्षरं असतात आणि त्यांच्या जागी फॉन्ट देवनागरी आकार काढून दाखवतो. फॉन्ट काढून टाका, तोच मजकूर इ-जे-के होऊन समोर येतो.

गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात आणि पुढेही बरीच वर्षं मराठीत जे कॉम्प्युटरवर जुळवलं गेलं, त्यातलं बहुतेक असंच साठलेलं आहे. कथासंग्रह, दिवाळी अंक, साखर कारखान्यांचे अहवाल, प्रश्नपत्रिका, संमेलनांच्या स्मरणिका, लग्नपत्रिका. कुठं श्रीलिपी, कुठं शिवाजी, कुठं किरण, कुठं कृतिदेव. आणि कोणतं अक्षर कोणत्या इंग्रजी अक्षराच्या जागी बसवायचं याचं कोष्टक प्रत्येकाचं वेगळं. एका भाषेचा एवढा मजकूर, एकमेकांना न कळणाऱ्या डझनभर सांकेतिक लिप्यांत! मला ही गोष्ट जितकी थक्क करते तितकीच काळजीतही टाकते.

हे का झालं, ते आधी पाहू. त्या काळच्या फॉन्टमध्ये एका वेळी फार तर २५६ घरं असायची. काही घरं कॉम्प्युटरच्या स्वतःच्या कामासाठी राखीव, म्हणजे हातात दोनशेच्या आसपास उरत. इंग्रजीला तेवढी भरपूर झाली. देवनागरीला पूर्ण अक्षरं हवीत, अर्धी अक्षरं हवीत, वरच्या-खालच्या मात्रा हव्यात, रफार हवा, क्ष-ज्ञ-श्र-त्र हवेत. छापखान्यातल्या खिळ्यांच्या पेट्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही दाटी ठाऊक आहे. ज्यांनी हे सगळं दोनशे घरांत बसवलं, त्यांच्या हुशारीला दाद द्यायलाच हवी. ‘भ’ला एकच घर द्यायचं नाही, अर्धा भ एका घरात आणि पुढचा काना दुसऱ्या घरात, दोन्ही शेजारी ठेवले की पूर्ण भ तयार. तोच काना ‘म’पुढे ठेवला की ‘मा’. टाइपरायटरवर सरावलेली बोटं तशीच चालावीत म्हणून कृतिदेवसारख्या फॉन्टांनी अक्षरांच्या जागाही रेमिंग्टनच्या कळफलकावरूनच घेतल्या. ‘म’ इंग्रजी इ-च्या कळीवर येतो तो त्यामुळं.

ही खरं तर खिळ्यांच्या छपाईचीच परंपरा होती. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यापासून आपल्या जुळाऱ्यांनी आकार शेजारी शेजारी लावूनच पानं उभी केली. खिळ्याला आपण कोणतं अक्षर आहोत हे माहीत असण्याची गरज नव्हती. आकार उमटला की काम झालं, कारण वाचणारा माणूस होता. कॉम्प्युटरच्या फाइलचं तसं नाही. ती माणसाच्या आधी यंत्राला वाचावी लागते: शोधायला, क्रम लावायला, एका ठिकाणाहून दुसरीकडे न्यायला. तिथं आकार पुरत नाही.

कृतिदेवमध्ये ‘किल्ला’ लिहिताना आधी पहिली वेलांटी येते, मग क. कारण डोळ्यांना ती आधी दिसते. वेलांटीचं घर इंग्रजी एफ. म्हणजे किल्ला एफ-नं सुरू होतो. गिरणीही एफ-नं. शिवनेरी, निवडणूक, दिवाळी, सगळे एफ-नं! अकारविल्हे यादी लावा म्हटलं, की हे सगळे शब्द एका ढिगात जाऊन पडतात आणि ‘कमळ’ बिचारं दूर डी-पाशी राहतं. रफाराची गत याहून वेगळी. ‘मूर्ती’ म्हणताना र आधी उच्चारतो आपण, त नंतर. फाइलमध्ये मात्र म, उकार, त, वेलांटी आणि सर्वांत शेवटी रफार. वाक्याच्या सुरुवातीचं इंग्रजी अक्षर आपोआप मोठं करण्याची सोय वर्डमध्ये चालू राहिली, तर ‘कमळ’चा लहान डी कॅपिटल होतो आणि कॅपिटल डी-च्या घरात अर्धा क आहे. झालं, ‘क्मळ’! पुष्कळ टायपिस्ट ही सोय आधी बंद करायला शिकले ते याचमुळं.

डीटीपीच्या दुकानात आजही ऐकू येणारी वाक्यं यातूनच आली आहेत. ‘फॉन्ट फुटला.’ ‘मॅटर पाठवताना फॉन्ट पण पाठवा.’ ‘पीडीएफच द्या, म्हणजे काही हलणार नाही.’ पीडीएफमध्ये आकार हलत नाहीत हे खरंच, पण तिच्यातला मजकूर कॉपी करून पाहा: पुन्हा इ-जे-के. जपलं गेलं ते मजकुराचं चित्र.

कोणतं अक्षर कुठल्या घरात, हे कोष्टक सार्वजनिक नव्हतं. ज्याचं त्याचं खाजगी होतं. फॉन्टची अनेक पॅकेजं डाँगलसकट मिळत. कॉम्प्युटरच्या मागे लावायचं ते छोटं कुलूप हरवलं, तर पैसे भरून घेतलेलं पॅकेज निरुपयोगी. पण डाँगलपेक्षा पक्कं कुलूप ते कोष्टकच. पॅकेज बदलायचं तर जुना सगळा मजकूर नव्यात निरर्थक, म्हणून माणसं जुन्यालाच धरून राहिली. ‘आमचं काम चाललंय ना, कशाला बदलायचं?’ या सर्रास ऐकू येणाऱ्या मताच्या मागे आळस नसतो. हजारो पानं पुन्हा टाइप करावी लागतील ही धास्ती असते, आणि ती खरी असते.

त्यात पेजमेकरची भर. मराठी छपाईचा केवढा तरी डोलारा ज्या सॉफ्टवेअरवर उभा राहिला, त्याची शेवटची आवृत्ती २००१ साली आली. अडोबीनं नंतर सगळं बळ इनडिझाइनमागे लावलं, २०१३ मध्ये ते भाडेतत्त्वावर नेलं, आणि आजचं इनडिझाइन पेजमेकरची फाइल उघडतही नाही. कंपनीनं आपला धंदा पाहिला. पण त्या निर्णयात मराठीतल्या एकाही संपादकाला मत नव्हतं, आणि फाइली मात्र त्याच्या होत्या. एखादं सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या मालकीचं असण्याला माझा आक्षेप नाही. त्यातून लिहिलेला माझा मजकूरही त्याच्याशिवाय वाचता येऊ नये, याला आहे.

आता या गोष्टीची दुसरी बाजू, आणि ती वाचताना मला दर वेळी नव्यानं आनंद होतो.

आकाराला क्रमांक द्यायचा नाही, अक्षराला द्यायचा, हा विचार भारतात लवकर झाला. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेलं काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं आणि इस्की नावाचं सार्वजनिक मानक तयार झालं; १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोनं त्याला अधिकृत रूप दिलं. त्याच वर्षी जगभरच्या लिप्यांसाठीच्या युनिकोड या मानकाची पहिली आवृत्ती आली आणि तिनं भारतीय लिप्यांची मांडणी इस्कीच्या आधीच्या रूपावरून उचलली. आपल्या लिप्या ब्राह्मीच्या लेकी, क-ख-ग-घ हा उच्चारांचा क्रम सगळ्यांचा एक. म्हणून प्रत्येक लिपीला १२८ घरांची एक ओळ मिळाली आणि ओळीतल्या जागा शक्यतो सारख्या ठेवल्या. देवनागरी ‘क’चा क्रमांक २३२५. त्यात १२८ मिळवा, बंगाली क येतो. आणखी १२८, गुरुमुखी. आणखी १२८, गुजराती. असंच चालत राहा, कन्नडचा क ३२२१ वर आणि मल्याळमचा ३३४९ वर भेटतो. शतकानुशतकं पाटीवर गिरवलेली वर्णमाला आज जगातल्या प्रत्येक फोनमध्ये बेरजेच्या रूपात बसलेली आहे.

या पद्धतीत ‘मराठी’ म्हणजे २३५०, २३५२, २३६६, २३३६, २३६८. म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी. फॉन्ट कुठलाही असो, नसो, हे आकडे मराठीच राहतात. ‘किल्ला’त आधी क साठतो आणि मग वेलांटी, म्हणजे आपण बोलतो तसं. ‘स्त्री’ हा एकच आकार सहा आकड्यांत असतो: स, हलन्त, त, हलन्त, र, वेलांटी.

मग वेलांटी डावीकडे जाते कशी? रफार डोक्यावर चढतो कसा? फॉन्ट आणि आपण यांच्यामध्ये एक कारागीर बसलेला असतो, अक्षरं घडवणारा प्रोग्राम. तो आकड्यांची रांग पाहतो, तिचे अक्षरगट पाडतो, वेलांटी उचलून गटाच्या आधी ठेवतो, सुरुवातीचा र-हलन्त उचलून शेवटाकडे नेतो, मग फॉन्टला विचारतो, ‘स-त-रचा जोड तुझ्याकडे आहे का?’ असेल तर तो लावतो, नसेल तर अर्ध्या अक्षरांवर भागवतो. तुम्ही एक कळ दाबता आणि पुढची दाबण्याआधी हे सगळं उरकलेलं असतं. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस या सगळ्यांत हे काम हार्फबझ नावाचा प्रोग्राम करतो. तो खुला आहे: त्याची प्रत्येक ओळ कुणालाही वाचता येते, चूक दिसली तर सुधारून पाठवता येते. बेहदाद एस्फहबोद या इराणी वंशाच्या प्रोग्रामरनं त्याची धुरा वाहिली. मराठी माणसाचा रफार जागेवर बसावा म्हणून दूरदेशीच्या माणसांनी खपावं आणि ते काम सगळ्यांसाठी मोकळं ठेवावं, याचं मला अपार कौतुक वाटतं.

आपल्या माणसांचाही वाटा मोठा आहे. विंडोज २००० बरोबर आलेला मंगल हा फॉन्ट र. कृ. जोशींनी घडवला, मराठीतल्या कवीनं आणि सुलेखनकारानं. तो फॉन्ट कंपनीच्या मालकीचा. पण त्यातून लिहिलेला मजकूर कुणाच्याही मालकीच्या फॉन्टमध्ये जसाच्या तसा वाचता येतो. मुळं पुण्यात असलेला, रेड हॅटनं सांभाळलेला लोहित, मुंबईच्या एक टाइपचे मुक्त आणि बलू हे तर परवान्यानंही खुले आहेत. ‘फुकटचं काय कामाचं?’ म्हणणाऱ्यांनी मुक्त फॉन्टमध्ये लावलेलं एक पान छापून बघावं.

युनिकोडमध्ये सगळं आलबेल आहे असं मात्र नाही. ‘ॲप’मधला ॲ त्यात २००८ साली आला. त्याआधी अ टाइप करून वर चंद्र द्यावा लागे, आणि दिसायला दोन्ही तंतोतंत सारखे. म्हणून आज एका पद्धतीनं लिहिलेला ‘ॲप’ दुसऱ्या पद्धतीनं शोधला तर कधी कधी सापडत नाही. डोंगरांच्या ‘दऱ्या’तला र लिहिण्याच्याही अशाच दोन वाटा आहेत. पण या त्रुटी उघड्यावर आहेत. त्यांच्याबद्दल लिहिता येतं, भांडता येतं, आणि ॲ-सारखं एखादं अक्षर पदरात पाडून घेता येतं. खाजगी कोष्टकाशी भांडायला दारच नव्हतं.

जुन्या फाइली सोडवता येतात, हेही सांगायला हवं. हौशी मंडळींनी एकेका फॉन्टचं कोष्टक अक्षर अक्षर जुळवून मांडलं आणि कन्व्हर्टर बनवले. एफ दिसला की तो उचलायचा, पुढचा अक्षरगट ओलांडायचा आणि मागे ठेवायचा. रफार दिसला की उलट दिशेनं चालत गटाच्या आधी न्यायचा. अर्धा भ आणि काना शेजारी आले की दोघांचा एक भ करायचा. किती सूक्ष्म नजर लागली असेल! एकाच फॉन्टच्या दोन आवृत्त्यांत घरं बदललेली असतात, तेव्हा यंत्रानं केलेलं रूपांतर माणसानं एकदा वाचावंच लागतं. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक, ॲ-ऑ, आकडे आणि अवतरणचिन्हं, चुका बहुधा इथंच सापडतात.

तुमच्याकडे एखाद्या संस्थेची स्मरणिका असेल, गावाच्या इतिहासाचं हस्तलिखित डीटीपी करून घेतलेलं असेल, वडिलांचा कवितासंग्रह असेल, तर ज्या दुकानात तो जुळवला त्या ऑपरेटरला या महिन्यातच गाठा. मूळ फाइल घ्या, फॉन्टची फाइल आणि तिचं नेमकं नाव घ्या, छापील प्रत जवळ ठेवा. मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि साध्या टेक्स्ट किंवा ओडीटी फाइलमध्ये ठेवा. ती कोणत्याही कंपनीच्या परवानगीशिवाय उघडते. ते जुने कॉम्प्युटर अजून काही दुकानांत सुरू आहेत आणि ते फॉन्ट ओळखणारी माणसंही अजून कामावर आहेत. तोवर हे काम करून घ्या.