भट्टीवाचून भाजणे : आंब्याच्या कॉबलरमधील विज्ञान

चुलीवर किंवा स्टोव्हवर पातेल्यात केक करून पाहणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते : तळ करपला आणि वरचा भाग पांढरा, ओलसर राहिला. दोष पिठाला किंवा सोड्याला दिला जातो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा दोष असतो तो उष्णता कोणत्या बाजूने मिळाली याचा. हा प्रश्न नीट समजून घेण्यासाठी आपण एक सोपा पदार्थ निवडू या. त्याचे नाव कॉबलर.

कॉबलर हा अमेरिकेतील साधा घरगुती पदार्थ आहे. भांड्यात तळाशी गोड केलेल्या फळांच्या फोडी, त्यावर सैल कणकेचे गोळे, आणि मग भाजणे, एवढीच त्याची कृती. एकोणिसाव्या शतकात पश्चिमेकडे सरकणाऱ्या वसाहतकारांजवळ भट्टी नसे. ते बिडाच्या जाड भांड्यात तो करीत आणि झाकणावर निखारे ठेवीत. ही युक्ती आपल्यालाही परकी नाही. कोकणातील काकडीचे धोंडस खाली-वर निखारे ठेवून भाजतात. गोव्यात बेबिंकाचा प्रत्येक थर वरच्या निखाऱ्यांवर भाजला जातो. विदर्भ-मराठवाड्यातील रोडगे तर गोवऱ्यांच्या आरात सर्व बाजूंनी भाजले जातात. तेव्हा धाराशिव जिल्ह्यातील एखाद्या शाळेत भट्टी नसली, तरी हा प्रयोग अडण्याचे कारण नाही. वळवाच्या वाऱ्याने पडलेले, थोडे मार लागलेले आंबे बाजारात कोणी घेत नाही. तेही येथे कामी येतात. सडका भाग तेवढा काढून टाकावा.

एका भांड्यात दोन तापमाने

आंब्यात वजनाच्या सुमारे चार-पंचमांश पाणी असते. भांडे तापू लागले की फोडींचा रस सुटतो आणि उकळतो. उकळू लागल्यावर मिळणारी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते, म्हणून रसाचे तापमान तेथेच थांबते. धाराशिव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 650 मीटर उंचीवर आहे. दर 300 मीटर उंचीला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण 1 अंशाने उतरतो. म्हणजे तेथे पाणी 98 अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते. रसात साखर विरघळलेली असल्याने तो किंचित वर जातो, इतकेच. जाळ कितीही वाढवला तरी रस आहे तोपर्यंत फळ याहून फारसे तापत नाही. मात्र रस आटला की हा अंकुश सुटतो आणि तळ करपतो.

आता वरच्या कणकेकडे पाहू. तिला खरपूस तांबूस रंग येतो तो पिठातील व दह्यातील प्रथिने आणि शर्करा यांच्या परस्परक्रियेमुळे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामी मायार यांनी 1912 मध्ये या क्रियेचे वर्णन केले. ती वेगाने घडण्यासाठी साधारण 140 अंशांच्या पुढचे तापमान लागते आणि पृष्ठभाग कोरडा असावा लागतो. खालून येणारी वाफ कणकेला शिजवू शकते, पण भाजू शकत नाही. वाफेवरचे मोदक कितीही वेळ ठेवले तरी तांबूस होत नाहीत, त्याचे कारण हेच. म्हणून वरच्या भागाला वरूनच कोरडी उष्णता मिळाली पाहिजे.

साहित्य आणि कृती

पिकलेल्या पण घट्ट आंब्याच्या फोडी 500 ग्रॅम, चिरलेला गूळ 75 ग्रॅम आणि ज्वारीचे पीठ 1 मोठा चमचा एकत्र करून जाड बुडाच्या पातेल्यात पसरावे. दुसऱ्या भांड्यात गव्हाचे पीठ 100 ग्रॅम, ज्वारीचे पीठ 50 ग्रॅम, चिमूटभर मीठ व खाण्याचा सोडा 1 ग्रॅम (सपाट पाव चमच्याहून थोडा कमी) मिसळावा. त्यात घट्ट तूप 50 ग्रॅम बोटांनी चोळावे. शेवटी आंबट दही 100 ग्रॅम घालून हलक्या हाताने कालवावे, मळू नये. या सैल पिठाचे लहान गोळे फळांवर अंतर ठेवून सोडावेत. मधल्या फटींतून वाफ बाहेर पडते.

पातेल्यावर झाकण म्हणून लोखंडी तवा सरळ ठेवावा. त्याच्या खोलगट भागात निखारे चांगले राहतात. तव्याचे पोट कणकेला टेकणार नाही इतकी जागा सोडावी. निखाऱ्यांचा एक वाटा खाली आणि दोन वाटे वर असे प्रमाण ठेवावे. खालची उष्णता धातूतून वहनाने थेट फळाला मिळते. वरची उष्णता तव्यातून, मधल्या हवेच्या पोकळीतून, मुख्यतः प्रारणाने पोचते, म्हणून ती अधिक लागते. साधारण 35 ते 40 मिनिटांत कॉबलर तयार होतो. निखारे शिक्षकांनीच हाताळावेत आणि तवा सांडशीने सरळ उचलावा, म्हणजे राख आत पडत नाही.

प्रत्येक घटकाचे काम

सोडा आणि दह्यातील लॅक्टिक आम्ल यांच्या क्रियेतून कार्बन डायऑक्साइड निघतो. 84 ग्रॅम सोड्यापासून 44 ग्रॅम वायू, या हिशेबाने 1 ग्रॅम सोडा पूर्ण वापरला गेला तर नेहमीच्या तापमानाला पाव लिटरहून अधिक वायू मिळतो. आम्ल नसेल तर सोड्याचे केवळ उष्णतेने विघटन होते. तेव्हा वायू निम्माच मिळतो आणि मागे धुण्याचा सोडा उरतो. साबणासारखी चव येते ती त्याचीच.

गव्हाच्या पिठात पाणी मिसळले की ग्लुटेनचे चिवट जाळे तयार होते आणि ते वायूचे बुडबुडे धरून ठेवते. तुपाचा थर पिठाच्या कणांना पाण्यापासून काही अंशी दूर ठेवतो, त्यामुळे जाळे आखूड राहून पदार्थ खुसखुशीत होतो. ज्वारीत ग्लुटेन नसते. भाकरीसाठी पाणी गरम घ्यावे लागते ते यासाठीच : उष्णतेने थोडा स्टार्च फुगतो आणि पीठ चिकटून राहते. फोडींत घातलेले चमचाभर पीठही साधारण 60 ते 80 अंशांच्या दरम्यान फुगून रस दाट करते.

सीताफळ का नको?

बालाघाटच्या डोंगरउतारांवर सीताफळ भरपूर. मग त्याचाच कॉबलर का करू नये? सीताफळाचा गर साधारण 65 अंशांच्या पुढे तापला की कडवट होतो. सीताफळाच्या बासुंदीत गर दूध निवल्यावर घालतात, ही घरोघरची सवय या अनुभवातूनच आली आहे. हिवाळ्यात पेरू घ्यावा. सीताफळाचा गर हवाच असेल तर भाजून निवलेल्या कणकेवर गारच पसरावा.

वर्गात करून पाहण्यासाठी

1. प्रयोगशाळेतील तापमापी दर पाच मिनिटांनी फोडींच्या रसात धरून नोंदी घ्या आणि आलेख काढा. आलेख कोठे आडवा होतो? ही तापमापी बहुधा 110 अंशांपर्यंतचीच असते. तव्याखालच्या कोरड्या पोकळीत ती धरू नका, फुटेल.

2. निखाऱ्यांचे प्रमाण उलट करून, म्हणजे खाली दोन वाटे व वर एक वाटा ठेवून, दुसरे भांडे करा. दोन्हींचे तळ आणि वरचे रंग यांची तुलना करा.

3. कणकेचे तीन लहान भाग करा : सोडा व दही घातलेला, दह्याऐवजी दूध घातलेला, आणि सोडा न घातलेला. फुगणे व चव यांत काय फरक पडतो?

या नोंदी घेताना मुलांना उष्णतेचे वहन, प्रारण, उत्कलनबिंदू आणि आम्ल-आम्लारी क्रिया एकाच भांड्यात भेटतात. त्यांच्या आई-आजी जाळ कधी ओढायचा आणि झाकणावर निखारे किती ठेवायचे हे तापमापीवाचून ठरवतात. घरी जाऊन ते अंदाज विचारून यायला सांगा आणि वर्गातील आकड्यांशी ताडून पाहा.