दिवा लागला, पण का?

परवा आमच्या डिझेल गाडीत पिवळा दिवा लागला. गॅरेजवाला म्हणाला, ‘‘ताई, फिल्टर चोकअप झालाय. बदला, नाहीतर काढूनच टाकू.’’ नव्याची किंमत ऐकून ‘काढा’ म्हणणारच होते, तेवढ्यात बालवाडीतली दम्याने बेजार मुलं डोळ्यांपुढे आली. एप्रिल 2020 नंतरच्या बहुतेक डिझेल गाड्यांत हा फिल्टर असतो, तो धुरातली काजळी अडवायलाच! काढणं बेकायदाही आहे.

दुसऱ्या मेकॅनिकने आधी विचारलं, ‘‘रोज किती चालवता?’’

‘‘घर ते बालवाडी. दोन किलोमीटर.’’

तो हसला. साठलेली काजळी जळायला सुमारे 600 अंश उष्णता लागते. एवढ्याशा फेरीत इंजिनच धड तापत नाही. तरी त्याने कॉम्प्युटर लावून सेन्सर, इंजेक्टर तपासले, ऑइलही योग्य आहे ना पाहिलं. सगळं ठीक होतं. मग हायवेवर अर्धा तास एका वेगात गाडी पळवली आणि दिवा विझला. दुर्लक्ष केलं असतं, तर फिल्टर खरंच गेला असता.

मैत्रिणींनो, दुखणं फिल्टरचं नव्हतंच, माझ्या सवयीचं होतं. हल्ली बालवाडीला मी चालतच जाते.